उकिडवे बसत नाहीत

नारायण पेठेतल्या त्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत माणूस आला, की उकिडव्यांच्या तोंडून पहिला शब्द निघायचा तो ‘बसा’. जाताना तो माणूस बहुतेक वेळा ऐकून जायचा, ‘बसत नाही’. मधल्या वेळात चहा व्हायचा. घरभाड्याची सूट? बसत नाही. मुलीची फी? ती बसते, पण तिच्या वसतिगृहाची बसत नाही. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन? “ऑपरेशन बसलं असतं हो, पण सासूबाई बसत नाहीत. स्वतःची आई असती तर बघितलं असतं.” समोरचा हसला तरी उकिडवे हसायचे नाहीत. ते पुढच्या कागदाकडे वळलेले असत.

उकिडवे लोकांची इन्कम टॅक्सची रिटर्न्स भरून द्यायचे. दारावर ‘कर सल्लागार’ असं लिहिलेलं होतं. आपण सीए नाही, हे ते नव्या माणसाला चहाच्या आधीच सांगायचे, म्हणजे नंतर चहा फुकट गेल्यासारखं वाटायला नको. किडकिडीत बांधा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि खिशात पेनांच्या शेजारी एक आखूड झालेली पेन्सिल. आकडे आधी पेन्सिलीने लिहायचे आणि मग संगणकावर. संगणकावर चूक पुसली तर ती केल्याचंच आपण विसरतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी मूळची वर्ध्याची. इथल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास घेतले तितक्याचेच पैसे, आणि सुट्टी लागली की तेही नाहीत. हे पैसे महिनोन्‌महिने साचून एकदम मिळतात, आणि हातात पडण्याआधीच त्यातून थोडा कर कापलेला असतो. कर लागावा एवढी माझी कमाईच नाही, पण कापलेला परत मिळवायचा तर रिटर्न भरावं लागतं. एका सहकारी बाईंनी उकिडव्यांचं नाव सुचवलं. मी जाऊन सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी चष्मा वर ढकलून माझ्याकडे बघितलं.

“म्हणजे सरकार वर्षभर तुमच्याकडून उसनं घेतं,” ते म्हणाले. “तुमच्याकडून. काय वेळ आली बघा सरकारवर.”

मग मी कुठली, कुठे राहते, भाडं किती, हे विचारलं. वर्धा ऐकल्यावर म्हणाले, “तिकडून येऊन इथे पैसे खर्च करता, पुण्यावर उपकारच आहेत आपले.” मला राग यायला हवा होता, पण त्यांनी तेवढ्यात बशीत चहा ओतून माझ्यापुढे सरकवला. त्यानंतर दर जुलैत माझी फेरी ठरलेली. पुढे पुढे जुलै नसतानाही मी जायला लागले. पेठेत आले की त्यांच्या जिन्याकडे आपोआप पाय वळायचे.

त्या खोलीत पाहुण्यांसाठी दोन खुर्च्या होत्या. एक धड आणि एक डुगडुगणारी, पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातलेली. कोण कुठे बसणार हे उकिडवे ठरवायचे, आणि त्यांचा नियम उलटा होता. ज्याची कमाई मोठी त्याला डुगडुगती खुर्ची. मी कारण विचारलं, तर म्हणाले, “त्यांना सवय नसते म्हणून.” मला सगळी वर्षं धड खुर्ची मिळाली. ती मिळाली की आपली परिस्थिती काय आहे ते कळायचं आणि पाठ टेकायचीही सोय व्हायची.

आडनावावरून कुणी थट्टा करायच्या आधीच ते स्वतः करून टाकायचे. “उकिडवं बसणं म्हणजे काय, सांगता का वर्गात मुलांना?” असं त्यांनी एकदा मला विचारलं. “टेकलेलं नाही आणि उभंही नाही. मध्यमवर्गाची बैठकच ती. वरून कुणी म्हणतं, बसलाय की आरामात. खालून कुणी म्हणतं, उभा आहे की ताठ. गुडघ्यांना काय होतंय ते ज्याचं त्याला.” खाली चहाच्या दुकानात असो की हॉटेलात, बिल आलं की ते पत्रिका वाचावी तसं वाचायचे. केंद्राचा कर, राज्याचा कर, एकेक ओळ बोट ठेवून. वेटर ताटकळत उभा राहायचा. त्यांची बायको, शालनकाकू, म्हणायच्या, “वाचून कमी होणार आहे का?” त्यावर ते म्हणायचे, “कमी नाही होणार. पण आपण कुणाकुणाला जेवू घातलं ते तरी कळेल.”

अनिकेत नावाचा एक मुलगा त्यांच्याकडे यायचा. मुलगा म्हणजे पस्तिशीचा, खराडीला आयटीत, पाठीवर लॅपटॉपची सॅक. तो आला की पुठ्ठ्याची घडी नीट करून डुगडुगती खुर्ची पुढे सरकायची. एका जुलैत मी तिथे असतानाच तो आला, आणि कापलेल्या कराचा आकडा बघून वैतागला. “काका, बेसिकली आम्हीच भरतो ना टॅक्स. बाकी सगळी पब्लिक फ्रीमध्ये चाललीय,” असं म्हणाला. त्याच वेळी जिना झाडणाऱ्या मंगलताई दारात टेकून चहा पीत होत्या. त्यांचा कप त्या खोलीत रोजचा होता.

उकिडव्यांनी खणातून बिस्किटांचा पुडा काढला. आधी मंगलताईंना दिला, मग मला, मग अनिकेतला, आणि रिकामा होत आलेला पुडा त्याच्या हातात ठेवून किमतीशेजारची बारीक अक्षरं वाचायला लावली. त्याने डोळे बारीक करून वाचलं, “सर्व करांसहित.”

“हा पुडा तुम्ही घेतला आणि मंगलताईंनी घेतला, तर कर कुणाला जास्त?” उकिडव्यांनी विचारलं.

“सेमच ना.”

“सेम. तुमच्या पगारात तो शोधूनही सापडत नाही. त्यांच्या पगारात तो शोधावा लागत नाही.”

अनिकेत मान हलवत म्हणाला, “व्हॅलिड पॉइंट आहे, काका.” आणि लगेच कराच्या जुन्या पद्धतीत राहू का नव्या पद्धतीत जाऊ, हे विचारायला लागला. मंगलताई कप विसळता विसळता म्हणाल्या, “बिस्किट मऊ पडलंय तुमचं. डब्यात ठेवत जावा.” आणि उरलेले जिने झाडायला निघून गेल्या.

पण अनिकेत गेल्यावर त्याची टिंगल करायला मी तोंड उघडलं, तर उकिडव्यांनी मला थांबवलं. त्या मुलाच्या घराचा हप्ता किती, बालवाडीतल्या पोरीची फी किती, हे त्यांना माहीत होतं. तो रात्री झोपतो तेव्हा त्याला नोकरी जाण्याची स्वप्नं पडतात, हेही त्यानेच कधीतरी सांगितलेलं होतं. “त्याचं दुःख खोटं नाही, बाई. फक्त महागातलं आहे,” ते म्हणाले. मग बिस्किटं डब्यात भरून ठेवली.

खडकीहून घाडगे यायचे. दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरी, तिथल्याच क्वार्टरमध्ये बिऱ्हाड. येताना प्लास्टिकच्या पिशवीत वर्षभराच्या सगळ्या पावत्या घेऊन यायचे, औषधाच्या दुकानातल्या चिठ्ठ्यांसकट. “साहेब, माझा पगार मला दिसायच्या आधी सरकारला दिसतो,” असं म्हणून पिशवी टेबलावर उपडी करायचे. त्यातलं काहीच बसायचं नाही. एकदा त्यांना कुणीतरी शिकवलं, की भाड्याच्या पावत्या जोडल्या की सूट मिळते, सगळेच जोडतात. घाडगे लाजत लाजत तसं बोलले. उकिडव्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. “घाडगे, क्वार्टर सरकारचं. म्हणजे घरमालक म्हणून सरकारची सही आणायची का?” घाडग्यांना स्वतःलाच इतकं हसू आलं की पावत्या पुन्हा पिशवीत भरताना त्यांचे हात हलत होते. खोट्या कागदाला उकिडवे असं हसून परत पाठवायचे. ते मी डोळ्यांनी बघितलं होतं, म्हणून पुढे जे कळलं त्याचं जास्त नवल वाटलं.

उकिडवे आणि शालनकाकू भाड्याच्या घरात राहायचे, ऑफिसपासून दोन गल्ल्या सोडून. मूलबाळ नव्हतं. करार अकरा महिन्यांचा, दर करारात भाडं वाढायचं, आणि दोन-तीन वर्षांनी घरमालकाला घर रिकामं हवं असायचं. भाड्याचं घर म्हटलं की काकूंना एकाच गोष्टीचा राग यायचा. भिंतीला खिळा ठोकायची परवानगी नसे. कॅलेंडर दाराच्या कडीला, देवांची तसबीर कपाटावर टेकवलेली. “लग्नाला एवढी वर्षं झाली, मी एक खिळा ठोकलेला नाही,” असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. उकिडवे ऐकून घ्यायचे. शेवटी पंचावन्नच्या पुढे गेल्यावर त्यांनी घर घ्यायचं ठरवलं. पेठेत शक्यच नव्हतं, म्हणून शहराच्या कडेला, नऱ्ह्याला.

बँकेने तीन वर्षांची रिटर्न्स मागितली असती. उकिडव्यांची खरी कमाई बँकेच्या हिशेबात बसत नव्हती. दुसऱ्याला हे सांगण्यात त्यांचा जन्म गेला होता, म्हणून त्यांना ते बँकेच्या आधी कळलं होतं. तेव्हा त्यांनी तीन वर्षं आधीपासून आपल्या रिटर्नमध्ये उत्पन्न वाढवून दाखवायला सुरुवात केली. लोक कमाई लपवतात, उकिडव्यांनी नसलेली कमाई जाहीर केली आणि तिच्यावर तीन वर्षं इमानेइतबारे कर भरला. छोटा धंदा असलेली माणसं घराच्या कर्जासाठी असं करतात, हे मला तेव्हा कळलं. कर्ज मंजूर झालं त्या दिवशी त्यांनी ते स्वतःच सांगितलं, पेढा देता देता.

“पुण्यात कर चुकवणारे पुष्कळ आहेत,” ते म्हणाले. “न मिळवलेल्यावर भरणारा मी. खरं तर माझा सत्कार व्हायला हवा. शाल नको, श्रीफळ चालेल.”

मी हसले. काकूही हसल्या. तो कर आणि घराचा हप्ता यांची तोंडमिळवणी करताना त्यांनी त्या वर्षी दोघांचा मेडिक्लेम भरला नाही. वयाबरोबर त्याचा हप्ता वाढत वाढत आता घराच्या हप्त्याच्या शेजारी बसायला लागला होता, आणि त्याच्यावर पुन्हा कर. हप्ता एकदा रुळला की पुढच्या वर्षी परत घेऊ, असं ठरलं.

वास्तुशांतीला मी गेले होते. आत शिरल्या शिरल्या स्वयंपाकघर लागायचं, आणि बाहेर पडायचं म्हटलं तरी तेच. उकिडवे त्याला अर्धा बीएचके म्हणायचे. भटजी गेल्यावर काकूंनी पिशवीतून हातोडी काढली आणि ओट्याच्या वरच्या भिंतीला खिळा लावला. भिंत नव्या ठोकळ्यांची, भुसभुशीत. पहिला खिळा सटकला, दुसरा वाकला. उकिडवे मदतीला पुढे झाले तर त्यांनी कोपराने दूर केलं. तिसरा आत गेला. “बसला बाई एकदाचा,” असं म्हणून त्यांनी त्याला कॅलेंडर अडकवलं आणि दोन पावलं मागे जाऊन बघत राहिल्या. मला अजून तो खिळा डोळ्यांपुढे दिसतो. मी त्या घरी त्यानंतर फार वेळा गेले नाही.

तोवर उकिडव्यांचा धंदाही बसायला लागला होता. नव्या कर पद्धतीत सूटच नाही, मग कोणती सूट बसते हे विचारायला कोण येणार? अनिकेतने एका वर्षी मोबाईलवरच रिटर्न भरलं आणि फोन करून “सॉरी, काका” म्हणाला. उकिडव्यांनी त्याचं अभिनंदन केलं. घाडगे पिशवी घेऊन येत राहिले, मी येत राहिले. पेठेतल्या खोलीचं भाडं मात्र कमी झालं नाही, आणि नऱ्ह्याहून रोज यायचं तर पेट्रोलही होतं. “रिटर्नमध्ये मी जेवढा दिसतो, तेवढा प्रत्यक्षात एकदा तरी व्हायला हवं होतं,” असं ते एकदा खाली चहा पिताना म्हणाले. त्या दिवशी त्यांनी बिल वाचलं नाही.

घर घेतल्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्याच्या शेवटी काकूंचे पाय सुजले. चौथ्या मजल्याची लिफ्ट सारखी बंद पडायची, म्हणून आधी जिन्यावर खापर फोडलं. मग तोंडही सुजलं. दोन्ही किडन्या गेल्या आहेत, आठवड्यातून तीनदा डायलिसिस करावं लागेल, आणि ते कायमचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. एका वेळचा खर्च उकिडव्यांनी ऐकला. खिशातली पेन्सिल काढून त्यांनी तळहातावर काहीतरी लिहिलं आणि लगेच अंगठ्याने पुसलं.

शहरात एका ट्रस्टचं रुग्णालय आहे. तिथे दुर्बल घटकांसाठी सवलत असते. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला द्यायचा, मर्यादेच्या आत असलात तर डायलिसिस फुकट किंवा नावापुरत्या पैशांत. हे उकिडव्यांना पाठ होतं. मंगलताईंच्या भावाचं तिथलं सगळं काम त्यांनीच करून दिलं होतं, आणि तो माणूस अजून चालता-फिरता आहे. माझ्या सुट्ट्या होत्या, म्हणजे कमाई नव्हती आणि वेळ होता, म्हणून मी त्यांच्याबरोबर गेले. समाजसेवा विभागाच्या खिडकीपाशी एक तरुण मुलगी होती. तिने पॅन नंबर घातला, पडद्याकडे बघितलं, मग काकूंकडे बघितलं.

“काका, मला दिसतंय हो,” ती हळू आवाजात म्हणाली. “पण तीन वर्षांचं उत्पन्न मर्यादेच्या बरंच वर आहे. असा दाखलाच निघणार नाही. तुम्ही यात बसत नाही.”

मला वाटलं, आता ते काहीतरी तिरकस बोलतील. निदान भांडतील. त्यांनी कागद गोळा केले, कडा टेबलावर आपटून सरळ केल्या आणि म्हणाले, “बरोबर आहे तुमचं. मीही हेच सांगितलं असतं.” त्या क्षणी मला त्यांचा भयंकर राग आला. बाहेरच्या पायऱ्यांवर मी तो काढलाही. खरं सांगून टाका ना, म्हटलं, की कर्जासाठी वाढवून दाखवलं होतं, एवढे पैसे कधी मिळालेच नाहीत.

काकू रिक्षात बसल्या होत्या. उकिडवे त्यांना ऐकू जाणार नाही इतपत लांब आले.

“खरं सांगायचं तर आधी बँकेत सांगावं लागेल, बाई,” ते म्हणाले. “तिथे सांगितलं की फसवणूक झाली, कर्ज एकदम परत करा म्हणतील. ते द्यायला घर विकायचं. घर विकलं की खात्यात पैसे दिसतात. पैसे दिसले की मी बसत नाही.” सवयीने त्यांचा हात खिशातल्या पेन्सिलीकडे गेला होता. “सगळ्या बाजूंनी करून बघितलं मी. येत नाही.”

मला त्या रात्री झोप आली नाही. अनिकेतच्या आईचं ऑपरेशन त्याच्या कंपनीच्या विम्यात झालं होतं. घाडग्यांच्या बायकोला कारखान्याचं हॉस्पिटल होतं. मंगलताईंच्या भावाला सवलत होती. प्रत्येकाला आपापल्या जागी बसवून देणारा माणूस तेवढा कुठेच बसत नव्हता. देव नावाचं कुणी असेल तर त्याने हे मुद्दाम केलं असं मला वाटलं, आणि अजूनही वाटतं.

ते एका एजंटाकडेही जाऊन आले. हे मला काकूंनी सांगितलं. घाडग्यांना हसून परत पाठवणारा माणूस कुठल्याशा टपरीमागे उभा राहून, कमी उत्पन्नाचा दाखला किती रुपयांत निघतो, हे विचारत होता. काय वाटलं असेल त्यांना तिथे? एजंट सरळ होता. त्याने पॅन बघितला आणि आगाऊ घेतलेले पैसे परत केले. आता सगळं एकमेकांना जोडलेलं आहे, पूर्वी आला असतात तर झालं असतं, म्हणाला. “यांना त्याचंच कौतुक वाटलं,” काकू म्हणाल्या. “घरी येऊन म्हणतात, त्याच्या धंद्यात प्रामाणिक आहे.” काकू हसल्या, पण सुजलेल्या चेहऱ्यावर ते हसू धड उमटलं नाही.

शेवटी तीनाचं दोनवर आलं. त्याच रुग्णालयात पूर्ण पैसे भरून, पण आठवड्यातून दोनदाच डायलिसिस करायचं असं त्या दोघांनी आपापसात ठरवलं. डॉक्टर रागावले. काकू म्हणायच्या, मला दोनच झेपतात, सुई फार दुखते. हे खोटं आहे हे डॉक्टरांसकट तिघांनाही माहीत होतं. पैसे तरीही पुरले नाहीत. मग पेठेतली खोली सोडली. सामान नेताना मी होते. धड खुर्ची एका भंगारवाल्याने घेतली, डुगडुगती कुणी घेतली नाही, ती जिन्याखालीच राहिली. मंगलताई कप परत द्यायला लागल्या, तर उकिडवे म्हणाले, “असू द्या. तेवढी एक सवलत.”

उन्हाळ्याच्या आधी घरही विकलं. घेताना भरलेली स्टॅम्प ड्युटी आणि कर गेले ते गेलेच. बँकेचं फिटून हातात थोडे आले, ते दवाखान्यासाठी बाजूला काढले, आणि दोघं रुग्णालयाजवळ एका खोलीत राहायला आली. नऱ्ह्याचं घर रिकामं करताना उकिडवे पक्कड घेऊन तो खिळा उपटायला निघाले होते. काकूंनी उपटू दिला नाही. “राहू दे,” त्या म्हणाल्या. “त्यांना कॅलेंडर लावायला होईल.”

त्यानंतर मी त्यांना एकदाच भेटले, या जुलैत. रिटर्न भरायची वेळ झाली म्हणून फोन केला. म्हणाले, दवाखान्यातच या, सकाळी तिथेच असतो. मी गेले. डायलिसिसच्या वॉर्डाबाहेरचा बाक माणसांनी भरलेला होता. बाकाच्या शेजारी, भिंतीला पाठ न टेकता, उकिडवे उकिडवे बसले होते. गुडघ्यांवर दोन-तीन जणांचे कागद होते. त्यांच्यासमोर लोणी काळभोरकडचा एक म्हातारा उभा होता. त्याच्या हातात पिवळं रेशनकार्ड होतं, आणि तो परत परत विचारत होता, “हाय का व्हनार साहेब माजं?” उकिडव्यांनी कार्ड उलटसुलट बघितलं, दाखल्यावरचा आकडा बघितला, आणि त्यांचा चेहरा उजळला. तसा उजळलेला चेहरा मी फार दिवसांत पाहिला नव्हता.

“होणार. तुम्ही यात बसता,” ते म्हणाले. “खिडकी नंबर चार. जा, उशीर करू नका.”

म्हातारा गेल्यावर त्यांनी माझे कागद घेतले. माझं उत्पन्न याही वर्षी करपात्र नव्हतं आणि कापलेला कर परत मिळणार होता. त्यांनी माझ्याच मोबाईलवर ते भरून दिलं, डोळ्यांच्या अगदी जवळ धरून. मी काकूंची चौकशी केली. वजन उतरलंय, म्हणाले. श्वास लागतो, रात्र बसूनच काढावी लागते. हे सांगताना आवाज साधाच होता. मी त्यांना त्यांच्या रिटर्नबद्दल विचारलं नव्हतं, त्यांनी आपणहून विषय काढला.

“यंदा माझं सोपं आहे. कमाई काहीच नाही. पण घर घेतलं त्यापेक्षा जास्त पैशांत विकलं गेलं ना, तो नफा धरतात. तो उत्पन्नात मिळवायचा.” त्यांनी गुडघ्यांवरचे कागद जुळवले. “सगळीकडे विचारून झालं, बाई. मी बसत नाही, ही बसत नाही. कर बसतो.”

हे ते विनोद म्हणून बोलले नव्हते. मी हसण्याचा प्रयत्नही केला नाही. मी मोबाईल पर्समध्ये ठेवायला उगाच वेळ लावला. तेवढ्यात बाकावरच्या एका बाईंना आतून हाक आली आणि त्यांची जागा रिकामी झाली. उकिडव्यांचे गुडघे थरथरत होते. मी त्यांचा दंड धरला.

“काका, जागा झालीय. बसा,” मी म्हटलं.

त्यांनी बाकाकडे बघितलं, मग वॉर्डाच्या बंद दाराकडे बघितलं.

“आता कशाला,” ते म्हणाले. “तिचं होतच आलंय.”